ठाणे कोर्टात जुन्या खून खटल्यांतली हत्यारं, कपडे जपून ठेवतात का?

नाही, बहुतेक वस्तू खटला आणि अपील संपलं की नष्ट होतात किंवा मालकाला परत जातात. ठाण्यात फौजदारी वकिली करताना हेच पाहत आलोय. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल लावलेला कोयता मुद्देमाल खोलीत असतो तो फक्त पुराव्यासाठी. निकालात न्यायाधीश मुद्देमालाचं काय करायचं ते लिहितात (जुन्या फौजदारी संहितेत कलम ४५२), आणि अपिलाची मुदत सरली की विल्हेवाट लागते. रक्ताळलेले कपडे तर सर्रास जाळतात.

वस्तू टिकते ती कुणीतरी वेळीच बाजूला काढली तर, किंवा निव्वळ नशिबाने. १९२८ साली लाहोरला साँडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यावर झाडलेलं भगतसिंगांचं .३२ कोल्ट पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात काळ्या रंगाखाली पडून होतं. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला, तेव्हा ओळख पटली! गांधीजींचे रक्ताने माखलेले कपडे दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात आहेत.

मात्र कागदांचं वेगळं आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खून खटल्यात अनंत कान्हेरेंना १९ एप्रिल १९१० ला आपल्या ठाण्याच्याच तुरुंगात फाशी झाली. अशा खटल्यांच्या कागदांचा शोध मुंबईच्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात) घ्या, कोर्टात नको.