किल्ली लपवू नकोस गं

"ताई, बाबा 73 चे आहेत, साताऱ्यात आईसोबत राहतात आणि गाडी स्वतःच चालवतात. गेल्या महिन्यात तिन्हीसांजेला घरी येताना गेटच्या खांबाला घासली, त्याआधी एक सायकलवाला पोरगा थोडक्यात वाचला. मी बास म्हटलं तर म्हणाले, लायसन्स अजून दोन वर्षं आहे, सरकारला चालतं, तुला काय प्रॉब्लेम? भाऊ म्हणतो किल्ली लपव. या वयात परत टेस्ट का घेत नाहीत?"
- ठाण्याची लेक

किल्ली लपवायचा उद्योग अजिबात करू नकोस बाई, आमच्या काकांची लपवली होती चुलतभावाने, तर काकांनी सरळ चावीवाला बोलावून दुसरी करून घेतली आणि वर सहा महिने त्याच्याशी अबोला.

टेस्टचं म्हणशील तर माझ्या मते घ्यायलाच हवी. आत्ता काय होतं, पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, रिन्यूला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1ए लागतो, पण गाडी चालवून दाखवा असं कुणी म्हणत नाही. आणि तेच लायसन्स संपून वर्ष उलटलं तर चाळिशीतल्या माणसालाही परत टेस्ट! म्हणजे तारीख विसरलात तर टेस्ट, नजर गेली तर नुसती सही. ती सही करताना डॉक्टरांनी बाबांना किती मिनिटं तपासलं ते आईला विचार एकदा.

पण कायदा बदलेपर्यंत तू थांबू शकत नाहीस ना. फॉर्म 1 मध्ये, म्हणजे तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, एक प्रश्न असतो, 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का, चष्मा लावून चालतं. रविवारी गेलीस की अंगणातून पस्तीसेक पावलं मोज, शेजाऱ्यांच्या गाडीची प्लेट आधी तू वाच मग बाबांना वाचू दे, परीक्षा वाटायला नको. मग संध्याकाळी त्यांच्या शेजारी बस आणि गप्प बस, स्टिअरिंगवर मान पुढे काढतायत का, वळताना आरसा बघतात का, मागे आईने हँडल घट्ट धरलंय का ते बघ.

गेटचा प्रसंग अंधार पडतानाचा आहे म्हणून मला मोतीबिंदूची शंका येते, त्यात समोरच्या हेडलाइटचा उजेड नुसता फाकतो, आणि तो ऑपरेशनने सुटतो! काचबिंदू मात्र बेरकी, कडेची नजर गुपचूप खातो, माणसाला पत्ताच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा आधी डोळ्यांचा डॉक्टर. गाडी बंद करा म्हणायचंच असेल तर ते त्यांनी म्हणू दे, तू नको.

तोवर दिवसा मंडईपर्यंत ठीक, दिवेलागणीनंतर नाही आणि खंबाटकी घाट तर नाहीच. ओळखीचा रिक्षावाला आत्ताच ठरवून ठेव, नाक्यावर हात करत उभं राहायला लागलं की बाबा परत किल्ली शोधतील.

आणि भावाला सांग, सल्ले पुरे, महिन्यातले दोन शनिवार ये आणि बाबांना शेजारी बसवून घाटातून घेऊन जा. गाडी कशी चालवायची ते बाबा सांगतीलच.