परदेशात पाय मुरगळला, आणि मन आभार मानायला तयार नाही

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार. ठाण्याच्या पाचपाखाडीहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे बर्लिनला गेलात आणि दुसऱ्याच आठवड्यात सकाळी धावताना फुटपाथच्या कडेच्या दगडांवर पाय मुरगळून पडलात. हाड शाबूत आहे, पण घोट्याचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. आता ब्रेस आणि कुबड्या. जो तो म्हणतो, ‘नशीब समज, एवढ्यावर निभावलं.’ तुम्ही लिहिता, ‘मला तसं वाटतच नाही. सून रजा टाकून माझ्या पायात मोजे चढवते तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी कृतघ्न आहे का?’

मुळीच नाही. पन्नाशीला आल्यावर तुम्ही उपवन तलावाच्या काठाने धावायला लागलात. घरातलं सगळ्यांचं सगळं करून झाल्यावर दिवसातला तेवढा एकच तास तुमचा स्वतःचा होता. तोच गेला, तोही परक्या शहरात, जिथे दारातून बाहेर पडायलाही कुणाची तरी सोबत लागते. याचं वाईट वाटणारच. ‘एवढ्यावर निभावलं’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्यानंतर माणसाला रडायची सोय उरत नाही. तुम्ही रडून घ्या. मुलाला सरळ सांगा, ‘मला धावता येत नाही याचा फार त्रास होतोय, मला थोडं बोलू दे.’ त्याने उपाय सुचवायला नको, नुसतं ऐकायला हवं, हेही सांगून टाका.

आता सुनेबद्दल. तुमच्या पत्रात दुखण्यापेक्षा घेण्याचा त्रास जास्त दिसतो. आयुष्यभर आल्यागेल्याला गरम पोळी वाढलेल्या बाईला आयतं ताट जड जातं. मला ते कळतं, आणि तरीही सांगते, घ्या. ‘उगाच कशाला, राहू दे, मी बघते’ हे दिवसातून दहादा म्हणू नका. त्या मुलीला ते नकारासारखं ऐकू येतं. नशिबाचे आभार मानणं जमत नसेल तर सोडून द्या. ते माणसाचे माना, आणि नेमक्या गोष्टीसाठी माना. ‘काल रात्री तू बर्फाची पिशवी बदलायला उठलीस, मला झोप लागली.’ एवढंच, ‘तुला किती त्रास’ हे शेपूट न जोडता. बसून कोथिंबीर निवडा, कणीक मळा, मनात असेल तर. परतफेड म्हणून नको. तुमच्या दोघींमध्ये इतक्या वर्षांत नसलेला निवांतपणा या आठवड्यांत आला असेल, तर तो कामाने भरून टाकू नका.

दिवसभर खिडकीत बसून राहू नका. डॉक्टरांनी पाय टेकायची परवानगी दिली की मुलाला टेम्पलहोफच्या मैदानावर न्यायला सांगा. तिथला विमानतळ 2008 साली बंद झाला आणि 2010 पासून ते मैदान लोकांसाठी खुलं आहे. धावपट्टी सपाट, डांबरी आहे. तुम्हाला पाडणारे दगड तिथे नाहीत. कुबड्यांवर चार पावलं टाका आणि बसा. धावणारे दिसतील, पोटात कालवेल. पहिल्या दिवशी नाही सोसलं तर परत या. सप्टेंबरपर्यंत तिथे असाल तर बर्लिन मॅरेथॉन बघायला मात्र रस्त्याच्या कडेला जाच. पावसात ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला अनोळखी माणसांनी वाजवलेल्या टाळ्यांनी पाय कसे हलके होतात, ते तुम्हाला माहीत आहे. तशा टाळ्या तुम्ही तिथे द्या.

उपवनच्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, कारण येऊरच्या डोंगराचे हिरवे फोटो बघवेनात. फोटो म्यूट करा, माणसं नको. त्यातल्या किमान एकीला फोन करा. घोटा मुरगळलेला धावपटू प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतो, आणि त्याच्याकडून मिळणारा धीर मी कितीही लिहिलं तरी देऊ शकणार नाही.

पायाबद्दल मी डॉक्टर नाही, पण फिजिओथेरपिस्टना हे विचारा: घोट्याची हलकी हालचाल कधी सुरू करायची आणि तोल सांभाळायचे व्यायाम कधी? अशा दुखापतीत फार काळ पाय नुसता धरून ठेवला तर घोटा आखडतो. आणि सूज उतरली म्हणून तोलाचे व्यायाम न करताच धावलं, तर तोच घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता बरीच असते. ठाण्याला परतल्यावरही आधी उपवनला चालतच फेऱ्या मारा. पिंढरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, तर ‘उगाच कशाला’ म्हणत थांबायचं नाही. रक्ताची गाठ असू शकते. पिंढरीसाठी त्याच दिवशी डॉक्टर, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट 112. तातडीचं नसेल पण दवाखाने बंद असतील, तर तिथे 116117 हा नंबर आहे. लांबच्या विमानप्रवासाआधी या गाठीबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

खर्चाने मुलाच्या खिशाला भार होतोय, असंही लिहिलंत. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, म्हणजे तुमच्याकडे तो आहे. कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा. बिलं, एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या पावत्या सगळं एका पाकिटात ठेवा. परतीच्या विमानासाठी व्हीलचेअरची मदत किमान 48 तास आधी सांगून ठेवायची असते, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथलीही नोंद झाली आहे ना, हे सुनेला तपासायला सांगा. आणि तिने ते केलं की नुसतं ‘बरं झालं गं’ म्हणा.

तुमची,
ताई