साथ चालू असताना विद्यापीठातली प्रयोगशाळा पुन्हा सुरक्षितपणे कशी सुरू करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर चौदा जणांची प्रयोगशाळा कशी सुरू करावी, आणि त्यासाठी जंतुनाशक फवारणीचं यंत्र घ्यावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: घेऊ नका. त्या पैशात दोन चांगले एक्झॉस्ट पंखे आणि एक कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्या.

२०२० मध्ये मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. विषय समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पण शैवाल काही थांबत नाही. दर दोन आठवड्यांनी ते नव्या माध्यमात, म्हणजे ताज्या पोषक द्रवात, घालावं लागतं, नाहीतर जातं. आवारातच राहणारे एक सर एकटे जाऊन ते करत होते, म्हणून माझं काम वाचलं. म्हणून सांगते, कुठलं काम थांबलं तर कायमचं जाईल, कुठलं महिनाभर थांबू शकेल आणि कुठलं घरी बसून होईल, हे सगळ्यात आधी कागदावर मांडा. आम्ही मांडलं तेव्हा रोज हजर राहायची गरज फक्त तिघांना निघाली. मासळीचे नमुने लागत असतील तर आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असतेच, लिखाणाचं काम त्या दोन महिन्यांत ढकला.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ५ नोव्हेंबर २०२० ला विद्यापीठं उघडण्याच्या सूचना काढल्या. संशोधक आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी आधी यावेत, एका वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थी नसावेत, असं त्यात होतं. आम्ही दोन तुकड्या केल्या, टेबलांमध्ये सहा फूट मोजून पट्ट्या मारल्या, दिवसातून दोनदा फरशी पुसली. तरीही पंधरवड्यात चौघं आजारी पडलो. टेबलावर काम करताना कुणाला लागण झाली असेल असं मला आजही वाटत नाही. मागच्या काचसामानाच्या खोलीत, दार लावून, मास्क काढून आम्ही डबा खायचो. आमचे प्रयोगशाळेतले काका आमच्यासोबतच बसायचे. ते एसटीने तासभर प्रवास करून घरी जायचे आणि घरी त्यांची म्हातारी आई होती. तिला रुग्णालयात न्यावं लागलं. ती बरी होऊन परत आली, पण ते दहा दिवस आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही.

कोविडचा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे मान्य करायला २०२१ उजाडलं. म्हणूनच फवारणीऐवजी पंखे घ्या म्हटलं. तेव्हा माणसं मोजताना खोलीचं क्षेत्रफळ नव्हे, हवा बघा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. खोलीत मीटर ८०० च्या वर रेंगाळू लागला की एकमेकांनी सोडलेला श्वास आपण घेतोय असं समजा आणि एकाला बाहेर पाठवा. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, त्यावर विसंबू नका. रसायनांच्या वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड मात्र खोलीतली हवा बाहेर फेकतो, तो चालू असू द्या. लॅमिनार एअरफ्लो, म्हणजे नमुन्यावर गाळलेली हवा सोडणारं कामाचं टेबल, त्याबद्दल खूप गैरसमज आहे. साधा लॅमिनार हूड नमुन्याला जपतो, माणसाला नाही. त्याची हवा तुमच्या अंगावरून खोलीतच येते. माणसालाही जपणारं बायोसेफ्टी कॅबिनेट वेगळं.

आपल्याकडे खरी पंचाईत पावसाळ्यात. आषाढात खिडकी उघडली की पाऊस थेट सूक्ष्मदर्शकावर. आम्ही मासे मोजणं, निवडणं, लेबलं लावणं सगळं पडवीत आणलं, वर पत्र्याची झड काढली. नमुन्यांसाठी मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी लिलावातल्या गर्दीत शिरणं सोडलं. ओळखीचे नौकावाले बर्फात पेटी बाजूला ठेवायचे. दमट हवेत मास्क तासाभरात ओला होतो, म्हणून प्रत्येकाकडे दिवसाला तीन तरी हवेत.

बंद खोली उघडताना काय सापडेल तेही सांगते. आमच्या दोन सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी चढली होती, ओल शोषणारं सिलिका जेल कधीच भिजून गेलं होतं. बेसिनच्या पाइपातलं पाणी आटल्यामुळे गटाराचा वास खोलीभर पसरला होता. सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या, डोळे धुण्याची नळीसुद्धा. गॅसची गळती तपासा. हाताला सॅनिटायझर लावून लगेच स्पिरिटच्या दिव्याजवळ जाऊ नका, अल्कोहोलची ज्योत नीट दिसतही नाही. आम्ही तिथे साबण-पाणीच ठेवलं. आणि गर्दी टाळायच्या नादात कुणालाही आम्लासोबत एकटं सोडू नका. ठरलेल्या दोघांची जोडी करा, दुसरा हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर, जमलं तर व्हरांड्यात.

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. आमच्यातली एक मुलगी ताप असूनही आली होती, कारण "मार्गदर्शक काय म्हणतील" ही भीती. यूजीसीच्या त्या सूचनांमध्ये घरी राहून शिकण्याचा पर्याय होता, पण तो तिला कुणी सांगितलाच नव्हता. न येणाऱ्याकडून कारण विचारलं जाणार नाही, त्याचा अहवाल किंवा विद्यावेतन अडणार नाही, हे विभागप्रमुखांच्या सहीने पहिल्या दिवसाआधी फळ्यावर लावून घ्या. काकांसाठीही तोच नियम लावा. त्यांना सुट्टी मागणं तुमच्याहून अवघड असतं.

तुमच्या खोलीची लांबी-रुंदी आणि खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते कळवा, म्हणजे एका वेळी किती जण बसू शकतील ते पाहू.