अनुदान लांबलं, अनुदान थांबलं: संस्थाचालकांचे प्रश्न

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलैला ही मदत वाटणारी यूएसएड ही यंत्रणाच बंद झाली. निधी असाही एका सहीने जाऊ शकतो, हे त्यामुळे सगळ्यांना दिसलं. या अंकातले चारही प्रश्न त्याच काळजीचे आहेत.

प्रश्न : आमचा ६० टक्के निधी एका परदेशी देणगीदाराकडून येतो. पुढच्या वर्षाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. बँकेत ३८ लाख आहेत, त्यामुळे वर्षभर चिंता नाही असं विश्वस्तांना वाटतं. ते बरोबर आहे का? (कोषाध्यक्ष, नंदुरबार जिल्हा)

बहुधा नाही. पासबुकातली शिल्लक म्हणजे संस्थेच्या हातातला पैसा नव्हे. आधी बांधील रक्कम वेगळी काढा. समजा, ३८ लाखांपैकी २१ लाख एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यात ठरलेल्या प्रकल्पासाठी आहेत, ९ लाख एका कंपनीने सीएसआरचा (कंपन्यांच्या समाजकार्य निधीचा) आगाऊ हप्ता म्हणून दिलेत, दीड लाख टीडीएस, पीएफ आणि थकलेली बिलं, आणि २ लाख आजवर साठलेली ग्रॅच्युइटी. उरले साडेचार लाख. हा मोकळा पैसा. आता प्रकल्प नसतानाही जे द्यावंच लागतं ते मोजा: कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, दोन-तीन मुख्य माणसांचे पगार, ऑडिट. ते महिना १ लाख ८० हजार धरलं तर तुमच्याकडे अडीच महिने आहेत.

पुढची पायरी म्हणजे पुढच्या बारा महिन्यांचा रोखीचा तक्ता. वार्षिक अंदाजपत्रक इथे उपयोगाचं नाही, कारण त्यात पैसा कोणत्या महिन्यात येणार हे दिसत नाही. प्रत्येक महिन्याला सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक अशा चार ओळी पुरतात. जमेत फक्त सही झालेल्या करारांची रक्कम लिहा, तीही ज्या महिन्यात खरोखर खात्यात पडेल त्या महिन्यात. बोलणी चालू असलेलं अनुदान निम्मं धरण्याची सवय फार नुकसान करते. २० लाखांच्या अनुदानाचे १० लाख कधीच येत नाहीत. येतात तर २० येतात, नाहीतर शून्य. तोवर शून्यच लिहा.

मग हाच तक्ता तीनदा करा: मोठा देणगीदार चार महिने उशिरा देतो, पाव रक्कम कापतो, पूर्ण थांबतो. उशिराचा तक्ता सर्वांत काळजीपूर्वक करा. पूर्ण थांबण्यापेक्षा उशीरच जास्त वेळा होतो, आणि संस्था मोडतात त्या बऱ्याचदा त्यातच. त्या चार महिन्यांत पगार देण्यासाठी दुसऱ्या प्रकल्पाचा पैसा वापरला जातो, आणि ऑडिटमध्ये तो परदेशी निधी निघाला तर एफसीआरए नोंदणीवरच येतं. परदेशी आणि देशी पैसा एकत्र करायला कायद्याने मनाई आहे, दोन दिवसांसाठीसुद्धा. परदेशी निधीच्या ठेवीवरचं व्याजही परदेशी निधीच समजलं जातं.

कर्ज काढू, हा विचारही आधीच तपासा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ नुसार न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एखाद्या विश्वस्ताने हातउसने दिले तरी ते कर्जच. ही परवानगी आठवड्यात मिळत नाही.

तक्ते झाले की विश्वस्तांच्या सभेत ठराव करून घ्या: मोकळा पैसा चार महिन्यांच्या खाली गेला की नवी भरती बंद; तीनच्या खाली गेला की प्रवास आणि प्रशिक्षण थांबेल; दोनच्या खाली गेला की कोणतं काम आधी आवरायचं, त्याचा क्रम. हा क्रम शांतपणे, आजच लिहा. पैसे संपल्यावर तो लिहायला बसलं की सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचा प्रकल्प वाचतो आणि सर्वांत गरजेचा जातो.

राखीव निधी कुठून आणायचा? प्राप्तिकराची सूट मिळण्यासाठी उत्पन्नाचे ८५ टक्के संस्थेच्या हेतूंवर खर्च करावे लागतात, पण १५ टक्के विनाअट राखता येतात. अनेक संस्था देणगीदार काय म्हणेल या भीतीने तेही राखत नाहीत. स्थानिक, विनाअट देणग्यांतून दरवर्षी एक महिन्याचा मुख्य खर्च बाजूला टाका आणि तो बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. शेअर बाजार हा त्याचा मार्ग नाही, कायद्यानेही नाही.

प्रश्न : एफसीआरए नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. आत्तापासून काय करावं? (सचिव, सोलापूर)

परदेशी निधी घेण्याच्या या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं असते. संपण्याआधीच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि एप्रिल २०२५ च्या सूचनेत गृह मंत्रालयाने तो किमान चार महिने आधी द्यायला सांगितलं आहे. म्हणजे हातात साधारण दोन महिन्यांची खिडकी उरते. मुदत संपली आणि निर्णय झाला नाही, तर परदेशी पैसा घेताही येत नाही आणि खात्यातला वापरताही येत नाही. म्हणून वरचा ‘पूर्ण थांबतो’ हा तक्ता तुम्ही त्या महिन्यापासून सुरू करा.

सर्वांत जास्त अडतं ते विश्वस्तांच्या नावांवर. विश्वस्त बदलले, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) दाखल केला नाही किंवा तो वर्षानुवर्षं प्रलंबित आहे, त्यामुळे परिशिष्ट एकच्या (न्यासाच्या नोंदणी उताऱ्याच्या) नकलेत जुनी नावं आणि एफसीआरए पोर्टलवर नवी, असं होतं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. या आठवड्यात नक्कल काढा आणि पॅन, बँक, पोर्टल यांच्याशी एकेक नाव, स्पेलिंगसकट, ताडून पाहा. दरवर्षीचा एफसी-४ (परदेशी निधीचा वार्षिक अहवाल) भरलाय ना, तेही बघा. ज्या वर्षी परदेशी पैसा आला नाही, त्या वर्षीचाही तो भरावा लागतो आणि नेमका तोच राहिलेला असतो. २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. जुन्या भागीदार संस्थेला ‘सेवा शुल्क’ म्हणून दिलेले पैसे तपासणीत याच कलमात अडकू शकतात.

प्रश्न : कंपनी म्हणते, सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. खरं आहे का? (प्रकल्प समन्वयक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. अंदाजपत्रकात ‘प्रशासन’ अशी एकच ढोबळ ओळ लिहिलीत तर ती कापली जाईलच. तिथे ‘क्षेत्र पर्यवेक्षक, ६० टक्के वेळ’, ‘प्रकल्पाचे हिशेब, महिना आठ दिवस’ असं लिहा. आणि करार एका वर्षाचा असेल तर चालू प्रकल्प म्हणून मागा. असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो.

प्रश्न : शासकीय अनुदानावर वसतिगृह चालवतो. अधिकारी बदलले की तोंडी ठरलेलं सगळं पुसलं जातं, आणि निवडणूक लागली की फाइल हलत नाही. हक्काच्या प्रश्नावर निवेदन दिलं तर ‘राजकीय’ ठरू का? (अधीक्षक, गडचिरोली)

तोंडी ठरलेलं त्याच दिवशी पत्राने कळवा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. फाइलमध्ये शासन निर्णयाची प्रत, मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि मुलांची मासिक हजेरी एकत्र लावा, म्हणजे नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. उपयोगिता प्रमाणपत्र उशिरा गेलं की पुढचा हप्ता अडतो. ते वर्ष संपल्यावर पहिल्या महिन्यातच पाठवा. अनुदान तक्त्यात मार्चमध्ये लिहा, जूनमध्ये नको. किराणा, दूध आणि गॅस यांचे किमान तीन महिन्यांचे पैसे मोकळ्या निधीत हवेत. आचारसंहितेत आधीच सुरू असलेलं काम चालू राहतं, नवं मंजूर होत नाही. म्हणून नव्या प्रस्तावाची मंजुरी निवडणुकीच्या बऱ्याच आधी घ्या. त्या काळात संस्थेची जागा, वाहन किंवा मुलांचा कार्यक्रम कोणत्याही उमेदवाराच्या उपयोगी पडू देऊ नका.

निवेदनाचं म्हणाल तर भिऊ नका. एफसीआरएच्या नियमांवर ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: राजकीय उद्दिष्ट नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नावर बंद किंवा रास्ता रोकोला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला राजकीय स्वरूपाची ठरवता येत नाही. विषय, कायद्याचं कलम आणि मागणी निवेदनात लिहा. पक्षाचं नाव लिहू नका, आणि निवेदनाचा मसुदा विश्वस्तांच्या सभेत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवा.