देवाने दिलेला आशीर्वाद दुसऱ्यांपर्यंत पोचवायचा म्हणजे ख्रिस्ती माणसाने नक्की काय करायचं?

दानपेटीत पैसे टाकले की झालं का, असं कोणाला वाटेल, तर माझ्या मते नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात येशू काय सांगतो, भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याला भेट, सगळी हातापायाचीच कामं. आपल्याकडच्या पंडिता रमाबाईच बघा ना, १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा घेऊन आल्या, पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथे नुसतं जेवू घालून भजनं म्हणायला बसवलं नाही हो, छापखान्यात टाइप जुळवायला शिकवलं, विणकाम, शेती, अंध बायकांना ब्रेलसुद्धा, म्हणजे उद्या कोणापुढे हात पसरायला नको. मला हे जास्त पटतं. पोतंभर तांदूळ देऊन फोटो काढणारेही असतात (आमच्या चर्चमध्ये पण आहेत, असो). तुम्हाला शिकवता येत असेल तर शेजारच्या पोराचं दहावीचं गणित घ्या, गाडी असेल तर एकट्या राहणाऱ्या आजींना डायलिसिसला नेऊन आणा, फक्त तिथे लगेच बायबल काढून बसू नका, त्यांनी विचारलं तर सांगा.