पोर्शे 944 : बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले, आता पुढे?

जुनी 944 बाळगणाऱ्या मराठी मंडळींच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच असतो : टायमिंग बेल्ट (खालच्या क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा) आणि त्याने केलेलं नुकसान. म्हणून सगळी उत्तरं एकदाच देतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे ती 2.5 लिटरच्या, आठ व्हॉल्व्हच्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी आहेत.

प्रश्न : सिग्नलला उभी असताना गाडी बंद पडली. टायमिंग बेल्टचे दात उडालेत. मित्र म्हणतो, इंजिन आयडलला होतं, व्हॉल्व्ह वाचले असतील. नवा बेल्ट टाक आणि स्टार्टर मार. मारू का? (लेस्टर)

नाही. बेल्ट सुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि क्रँक मात्र वेगात असल्यामुळे अजून फिरत असतो. या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा उघड्या व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. आयडललाही व्हॉल्व्ह वाकतात. वाकलेल्या व्हॉल्व्हवर स्टार्टर मारलात आणि त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं, तर हेडचं काम पिस्टन आणि ब्लॉकपर्यंत जाईल.

बॅटरी सोडवा, चारही प्लग काढा. क्रँकच्या बोल्टला 24 चा सॉकेट लावून हाताने, अगदी हळू, चारही पिस्टन मध्यावर येतील असा क्रँक फिरवा, म्हणजे टीडीसीपासून (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेपासून) साधारण 90 अंशांवर. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, उलट दिशेने या. मगच कॅमची पुली तिच्या खुणेवर आणा आणि क्रँक परत फ्लायव्हीलच्या 'ओटी' खुणेवर, म्हणजे टीडीसीवर. नवा बेल्ट तात्पुरता चढवून हाताने दोन पूर्ण फेरे द्या आणि प्रत्येक सिलिंडरची लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा थ्रॉटलकडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह वाकलाय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसतो का तेही बघा. गळती सापडली की हेड उतरवायचं, आणि ते काम हे इंजिन आधी उघडलेल्या माणसाकडेच द्यायचं.

प्रश्न : वाकलेले व्हॉल्व्ह प्रेसवर सरळ करून बसवतो, असं एक गॅरेज म्हणतंय.

दुसरं गॅरेज शोधा.

प्रश्न : 1986 ची गाडी विकत घेतोय. मालक म्हणतो, बेल्ट 2012 मध्ये बदलला, त्यानंतर जेमतेम 6,000 मैल झाले. वरचं कव्हर काढून पाहिलं, बेल्ट नव्यासारखा दिसतो. मर्यादा 45,000 मैलांची आहे ना? (न्यू जर्सी)

'नव्यासारखा दिसतो' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की त्यावर वेगळा कर बसवावा. बेल्टची पाठ दिसते. तो मरतो दातांच्या मुळाशी आणि आतल्या दोऱ्यांत, आणि तिथे तुमची नजर पोचत नाही. रबर मैलांनी झिजतं तसं वर्षांनीही कडक होतं. उभ्या गाडीत तर बेल्ट क्रँकच्या छोट्या पुलीभोवती महिनोन्महिने एकाच जागी दुमडलेला राहतो. त्यात पुढच्या सीलमधून झिरपलेलं ऑइल लागलं की रबर फुगतं. 45,000 हा रोज चालणाऱ्या गाडीचा आकडा आहे. या गाड्यांवर काम करणारे जाणकार 30,000 मैल किंवा 4 वर्षं, जे आधी येईल ते, असंच धरतात. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजा, आणि 2012 ची पावती असली तरी तो आज बदलायचाच आहे. गाडी ताब्यात घ्याल ती ट्रेलरवरून न्या. 'एवढा उन्हाळा काढू' म्हणणाऱ्यांचीच हेडं नंतर टेबलावर येतात.

एकटा टायमिंग बेल्ट बदलून भागत नाही. त्याच्या पुढ्यात बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) दुसरा बेल्ट असतो. तो फाटला की त्याच्या चिंध्या टायमिंग बेल्टमध्ये शिरतात. वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरतो, म्हणजे पंपाची बेअरिंग जाम झाली की नवा बेल्टही गेला. तेव्हा दोन्ही बेल्ट, टेन्शनर आणि आयडलरच्या रोलर, वॉटर पंप, क्रँकचा, कॅमचा आणि दोन्ही बॅलन्स शाफ्टचे पुढचे सील, हे सगळं एकाच वेळी. 'कंप्लीट किट' या नावाखाली नुसते दोन बेल्ट विकणारे आहेत. रोलर आहेत का आणि त्यांच्या बेअरिंगवर कुठल्या कंपनीचं नाव आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग ताण. 1987 च्या मॉडेलपासून टायमिंग बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर आला. तुमच्या 1986 ला तो ताण हाताने द्यावा लागतो आणि पी 9201 या बेल्टचा ताण मोजायच्या गेजने, इंजिन थंड असताना, मोजावा लागतो. बोटांनी बेल्ट 90 अंश पिळून बघायची युक्ती जो तो सांगतो; ती अंदाजाची आहे, मोजमापाची नाही. बेल्ट सैल राहिला तर दात उडी मारतो. जास्त ताणला तर गुणगुणतो आणि पंपाची बेअरिंग खातो. नवा बेल्ट थोडा लांबतो, म्हणून 1,500 ते 2,000 मैलांनी ताण पुन्हा तपासायचा. नेमकी हीच भेट लोक टाळतात. क्रँकचा बोल्ट 210 न्यूटन-मीटरला, फ्लायव्हील लॉक करून. गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून नाही. गेज आणि लॉक जवळ नसतील तर हे काम अंगणात करू नका, दोन्ही असलेल्याकडे न्या.

प्रश्न : कूलंटच्या टाकीत चॉकलेटी साय आलीय. गॅरेजने तपासणी न करता हेड गॅस्केटचं मोठं बिल सांगितलं. (टोरांटो)

आधी ऑइल कूलरचे सील बघायला सांगा. या इंजिनात ऑइल आणि कूलंट शेजारीशेजारी वाहणारा कूलर ब्लॉकच्या बगलेत आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त असतो, म्हणून सील गेले की ऑइल कूलंटमध्ये जातं आणि डिपस्टिकवरचं ऑइल बहुधा स्वच्छच राहतं. लीकडाउन ठीक असेल आणि कूलंटमध्ये जळक्या वायूंचा अंश सापडत नसेल, तर हेडला हात लावायची घाई कशाला? कूलर परत बसवताना जुन्या मॉडेलांत ऑइल प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह त्याच्या खास टूलने सरळ रेषेत आणावा लागतो. तो तिरका राहून अडकला की ऑइलचा दाब जातो. ते टूल आहे का, हे गॅरेजला आधीच विचारा.

प्रश्न : हेड कोल्हापूरला भावाकडे पाठवून तिथे मशिनिंग करून घेतलं तर? इथल्यापेक्षा निम्म्यात होईल. (दुबई)

हेडपुरतं चालेल. व्हॉल्व्हच्या गाइड, सीट कटिंग, फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं) हे तिथल्या चांगल्या वर्कशॉपचं रोजचं काम आहे. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. या हेडांना पाण्याच्या भोकांभोवती गंज खातो, आणि तो गॅस्केटच्या कडीपर्यंत पोचला असेल तर वेल्डिंग लागतं. फेसिंग हेड सपाट होण्यापुरतंच. जास्त काढलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, टायमिंग मागे पडतं आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर घटतं. किमान जाडीचा आकडा मॅन्युअलमधून काढून हेडसोबत लिहून द्या.

ब्लॉक मात्र पाठवू नका. तो ॲल्युसिलचा, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, त्यात लायनर नाही. बोअरच्या पृष्ठभागावरचे सिलिकॉनचे कणच लोखंडी थर दिलेल्या पिस्टनचा भार घेतात. नेहमीच्या दगडाने होनिंग केलं, म्हणजे बोअर घासली, की तो पृष्ठभाग संपला.

इथे ब्लॉकचा माथा साफ करताना ड्रिलला खरखरीत चकती लावू नका. तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगांत जाते. प्लास्टिकचं पातं, गॅस्केट रिमूव्हर आणि सबुरी.

प्रश्न : माझी 944 एस 2 आहे. बेल्ट बदलले, म्हणजे निर्धास्त ना?

नाही. तिच्या 16 व्हॉल्व्हच्या इंजिनात दोन कॅमच्या मध्ये साखळी आहे आणि तिच्या टेन्शनरचे प्लास्टिकचे पॅड ठिसूळ होऊन तुटतात. व्हॉल्व्ह कव्हर काढून बघून घ्या, या महिन्यात.

प्रश्न : काल चालू होती, आज स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही. बेल्टच गेला असेल का?

आधी स्टार्टर मारणं थांबवा. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढा आणि क्रँक हाताने, हळू, नेहमीच्या दिशेने थोडा फिरवा. रोटर कॅमवर बसलेला आहे. तो हलत नसेल तर बेल्ट गेला, तिथेच थांबा आणि पहिलं उत्तर वाचा. तो फिरत असेल तर डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) बदला. त्यातले सोल्डरचे टाके सुटणं हा या गाडीचा जुना आजार आहे, म्हणून एक रिले डिकीत ठेवा. त्यानेही पेटली नाही तर बेल हाउसिंगवरचे क्रँकचे सेन्सर तपासावे लागतील. त्यांच्या वायरी आता इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की ओढताना हातात येतात. तिथे ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा.