शटरचा रिमोट कारच्या डॅशबोर्डवर बटण म्हणून बसवता येईल का?

येईल, आणि गाडीच्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही. रिमोट उघडा, शटर वर नेणाऱ्या बटणाच्या पायांना दोन बारीक वायर सोल्डर करा आणि डॅशबोर्डवर रिकाम्या स्विचच्या जागी नवीन पुश बटण बसवून त्याला जोडा. छोट्या बटणाला बहुधा चार पाय असतात, त्यातले दोन-दोन आतून जोडलेलेच; बटण दाबल्यावरच एकमेकांना जुळणारे दोन पाय मल्टिमीटरने आधी शोधा. नवीन बटण दारावरच्या बेलसारखं हवं. दाबून अडकणारं घेतलंत तर रिमोट सिग्नल सोडतच राहील, सेल संपेल.

सेलऐवजी गाडीतून करंट घ्यायचा असेल तर १२ व्होल्टचा रिमोटही थेट जोडू नका. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं, मध्ये व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर लागेलच. फायदा एक मोठा: किल्ली फिरवल्यावरच येणारी लाइन घेतली, तर काच फोडून कोणी नुसतं बटण दाबून शटर उघडू शकत नाही. जुळे सोलापुरात रात्री गाडी रस्त्यावर राहत असेल तर तुमच्या जागी मी हेच करेन.

रिमोट पत्र्याला चिकटवू नका, रेंज घटते. समोरच्या काचेखालीही नको. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको.